बोट निवडण्याआधी पाणी निवडा

फ्लोरिडात टँपा खाडीच्या काठाला राहायला आलेल्या मराठी कुटुंबांचं मी एक नेहमी बघते. पहिली दोन-तीन वर्षं समुद्र पुलावरून बघण्यात जातात. मग कुणी मित्र एखाद्या रविवारी आपल्या बोटीतून मासे पकडायला घेऊन जातो, पहिला मासा गळाला लागतो, आणि महिन्याभरात मला फोन येतो : "ताई, बोट घ्यायचीय. दोन बघून ठेवल्यात, दोन्ही सारख्याच वाटतात. कुठली घेऊ?"

फोन मला येतो, कारण मी मालवणची. काका तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, होते. जाळं ओढणं आणि होडी वाळूवर चढवणं बघतच आम्ही मोठे झालो. आता अनेक वर्षं सेंट पीटर्सबर्गला राहते आहे आणि सवड मिळेल तेव्हा माझ्या छोट्या बोटीतून खाडीत नाहीतर बाहेर गल्फमध्ये, म्हणजे मेक्सिकोच्या आखातात, जाते. आपल्याकडचा मोडुसा इथे कोबिया म्हणून मिळतो, जात अगदी तीच. किंग मॅकरेल सुरमईच्या कुळातला, आणि ग्रूपर म्हणजे आपल्या गोबऱ्याचा भाऊबंद. मासे ओळखीचे असले तरी बोटींचा बाजार मात्र सर्वस्वी वेगळा आहे, आणि नवख्या माणसाची फसगत होते ती तिथे.

या वेळी फोन माझ्या मावसभावाचा होता. त्याने बघितलेल्या दोन्ही बोटी २२ फुटी, सेकंडहँड, सेंटर कन्सोल जातीच्या. एक पांढरी, एक निळी. दोन्हींवर २०० अश्वशक्तीचं एकेक इंजिन, डोक्यावर ॲल्युमिनियमच्या नळ्यांचं छत, आणि रुंदी साडेआठ फूट. ही रुंदी बहुतेक बोटींत सारखीच सापडते, कारण त्याहून रुंद बोट ट्रेलरवर घालून रस्त्याने न्यायची तर वेगळा परवाना काढावा लागतो. किमतीत हजारेक डॉलरचा फरक. निळी पाच-सहा वर्षांनी जुनी, पण तिच्यावरचं इंजिन नंतर बसवलेलं. जाहिरातीतले फोटो शेजारी ठेवले तर रंगाखेरीज काही वेगळं दिसत नव्हतं.

सेंटर कन्सोल म्हणजे काय ते आधी सांगते. या बोटीला खोली नसते. चाक, गिअर आणि सगळी घड्याळं एका उभ्या पेटीवर बोटीच्या मधोमध असतात आणि चारी बाजूंनी फिरायला मोकळी जागा असते. मोठा मासा गळाला लागला की तो बोटीभोवती घिरट्या घालतो. पकडणाऱ्याला त्याच्या मागोमाग नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, पिछाडीपर्यंत जाता आलं पाहिजे, नाहीतर दोरी बोटीच्या कडेला घासून तुटते. म्हणून हा आकार. उभं राहायची फळी बाहेरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा थोडी वर असते, त्यामुळे आत आलेली लाट मागच्या भोकांवाटे आपोआप बाहेर जाते. इंजिन पिछाडीला बाहेर टांगलेलं असतं. अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर हौशी मासेमारीसाठी ही सर्वांत लाडकी बोट आहे.

बदलता येतं ते आणि येत नाही ते

भावाने मला पाठवलेल्या यादीत पांढरीच्या बाजूने पहिला मुद्दा होता तिच्यावरचा बारा इंची पडदा, म्हणजे खोली आणि मासे दाखवणारं यंत्र. निळीच्या बाजूने पहिला मुद्दा गाद्यांचा होता : नव्या, पांढऱ्याशुभ्र. दोन्ही मुद्दे मी खोडले. पडदा, गाद्या, स्पीकर, छताचं कापड, गळ खोचायच्या नळ्या, पंप, बॅटऱ्या हे सगळं पैसे टाकून एका शनिवार-रविवारात बदलता येतं. तळाचा आकार, बोटीचं वजन, पिछाडीची ताकद, फळीखाली गाडलेली पेट्रोलची टाकी आणि आत भरलेला फोम मात्र बदलता येत नाही. बदलायला गेलं तर खर्च बोटीच्या किमतीच्या घरात जातो.

बहुतेक लोक नेमकं उलट करतात. बदलता येणाऱ्या गोष्टींवर भाळून न बदलणाऱ्या गोष्टी पदरात घेतात. म्हणून मी त्याला दोन कागद करायला लावले, पहिल्यावर न बदलणाऱ्या गोष्टी आणि दुसऱ्यावर बदलता येणाऱ्या, आणि पहिल्या कागदाचा निकाल लागेपर्यंत दुसरा उघडायचा नाही असं बजावलं.

त्याही आधी एक प्रश्न होता : तू जाणार कुठे? "सगळीकडे," तो उत्साहाने म्हणाला. सगळीकडे जाणारी बोट नसते. शेवटी त्याच्याकडून खरं उत्तर निघालं. मुलं सात आणि दहा वर्षांची. बायकोला बोट लागते, मळमळतं. शनिवारी सकाळी खाडीत, स्कायवे पुलाच्या आसपास. हवा चांगली असेल तेव्हा एग्मॉन्ट की बेटाच्या बाहेर दहा-बारा मैल. बस. हे उत्तर पहिल्या कागदाच्या माथ्यावर लिहिलं.

तळाचा कोन

टँपा खाडी पसरलेली आहे चारशेएक चौरस मैलांवर, पण तिची सरासरी खोली ११-१२ फुटांहून जास्त नाही. मोठ्या जहाजांसाठी मधून खोल वाट खणून काढली आहे, तेवढीच काय ती खोल. अशा उथळ, मोकळ्या पाण्यावर दुपारचा वारा सुटला की लाटा उंच होत नाहीत, पण उभ्या आणि जवळजवळ होतात. एकीवरून बोट उतरते न उतरते तोच दुसरी समोर उभी. बाहेर गल्फमध्येही किनाऱ्यापासून वीस मैल गेलं तरी पाणी साठेक फूटच. मालवणच्या समुद्रातली लांब, आरामशीर लाट इथे क्वचितच भेटते.

या लाटांशी गाठ पडते ती तळाची. बोटीचा तळ समोरून इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो. त्या व्हीची बाजू आडव्या रेषेशी जो कोन करते, त्यावर बोटीचा सगळा स्वभाव ठरतो. कोन जास्त असेल तर तळ लाट कापत जातो, अंगाला धक्का कमी बसतो. पण इंजिन बंद करून मासे धरायला थांबलं की तीच बोट जास्त डोलते आणि तिला थोडं जास्त खोल पाणी लागतं. कोन कमी असेल तर थांबल्यावर बोट स्थिर राहते, उथळ पाण्यात जाते, कमी ताकदीत पळते. मात्र वेगात लाटेवर पडते तेव्हा परातीत भाकरी थापल्यासारखा आवाज येतो आणि तो धक्का कमरेत जाणवतो. दोन्ही सुखं एकत्र देणारा तळ आजवर कुणी बनवलेला नाही. प्रत्येक कारखाना यातली कुठली तरी तडजोड निवडतो.

खोल व्हीचं श्रेय जातं रे हंट या अमेरिकन आराखडाकाराला. १९६० मध्ये मायामी ते नासाऊ ही शर्यत खवळलेल्या समुद्रात झाली, आणि हंट यांच्या आराखड्यावर बांधलेली, रिचर्ड बर्ट्रम यांच्या मालकीची ३१ फुटी 'मॉपी' तिच्यात पहिली आली. मागचा कोन सुमारे २४ अंश. वेगवान बोटींच्या बांधणीचं वळणच त्या दिवसानंतर बदललं. हंट यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेनेच पुढे नॉर्थ कॅरोलायनाच्या ग्रेडी-व्हाइट कंपनीसाठी असा तळ आखला, ज्यात व्ही पिछाडीला बेताचा आणि नाळेकडे जाताना सतत धारदार होत जातो. यामागचा विचार साधा आहे : थांबल्यावर स्थैर्य देतो मागचा तळ, लाट कापतो पुढचा.

हे कळलं की जाहिरातीतला एक आकडा अपुरा का ते लक्षात येतं. जाहिरातीत छापतात तो फक्त पिछाडीचा कोन. लाट आपटते बोटीच्या पुढच्या भागावर. म्हणून बोट ट्रेलरवर असताना खाली वाकून मधल्या भागाचा तळ बघावा. आम्ही लाकडी पट्टी तळाला टेकवून, तिच्यावर फोनमधलं कोन मोजणारं ॲप ठेवून दोन्ही बोटी मोजल्या. पिछाडीला पांढरी १८ अंश, निळी २१. मध्यावर दोघींत आणखी मोठा फरक : निळीचा व्ही तिथेच उठावदार झाला होता, पांढरीचा बऱ्याच पुढपर्यंत पसरट होता. फोटोत जुळ्या दिसणाऱ्या या दोघींचा पहिला खरा फरक हा.

दुसरा फरक वजनाचा. नुसता सांगाडा निळीचा ३,१०० पौंड, म्हणजे १,४०० किलो. पांढरीचा २,६०० पौंड. वजनदार बोट लाटेत जास्त शांत चालते हे खरं, पण ती घरापासून धक्क्यापर्यंत ओढायची आपल्या गाडीने. पांढरीचा हिशेब असा मांडला : सांगाडा २,६००, इंजिन ४९०, ट्रेलर १,१००, नांगर-बर्फ-सामान ३००. त्यात ८० गॅलन पेट्रोल, गॅलनला सुमारे सहा पौंड म्हणजे आणखी ४९०. एकूण ४,९८०. भावाच्या गाडीची ओढायची मर्यादा ५,००० पौंड. अगदी काठावर, पण टाकी अर्धी ठेवली तर जमेल. निळीचा हिशेब पावणेसहा हजारांवर गेला. निळी घ्यायची तर पिकअप ट्रक घ्यायला हवा, आणि हा खर्च जाहिरातीत कुठेच लिहिलेला नव्हता.

पाणी भरलं तर काय होईल?

हा प्रश्न विचारताना लोक कचरतात. मी सर्वांत आधी विचारते.

अमेरिकेच्या केंद्रीय नियमानुसार २० फुटांपेक्षा लहान, बाहेर टांगलेल्या इंजिनाच्या बोटीत एवढा फोम असलाच पाहिजे, की पाणी भरलं तरी ती आडवी न होता समपातळीत तरंगेल. किती माणसं, किती वजन हे सांगणारी पट्टीही अशा बोटीवर सक्तीची आहे. २० फूट आणि त्यापुढे ही सक्ती संपते. म्हणजे २२ फुटी बोट पाणी भरल्यावर तरंगेल की नाही हे पूर्णपणे कारखान्याच्या मर्जीवर आहे, आणि हे घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. बॉस्टन व्हेलर कंपनीने आपलं नाव कमावलं ते याच गोष्टीवर. दोन कवचांच्या मध्ये फोम भरून त्यांनी बोट बनवली, आणि १९६१ मध्ये 'लाइफ' मासिकाने कंपनीचे संस्थापक डिक फिशर यांचे फोटो छापले : ते बोटीत बसलेले, करवतीने बोटीचे दोन तुकडे होताहेत, आणि मग अर्ध्या बोटीतून ते निघून जाताहेत.

आमच्या दोन बोटींपैकी पांढरीच्या पुस्तिकेत समपातळीत तरंगण्याची हमी लेखी होती. निळीच्या पुस्तिकेत त्याबद्दल चकार शब्द नव्हता.

याच पाण्यावरची एक घटना मी प्रत्येक नव्या बोटमालकाला सांगते. २८ फेब्रुवारी २००९ रोजी चार मित्र २१ फुटी बोट घेऊन क्लिअरवॉटरहून गल्फमध्ये पन्नास मैलांहून जास्त दूर गेले. मार्किस कूपर आणि कोरी स्मिथ हे व्यावसायिक फुटबॉल खेळाडू. विल ब्लीकली आणि निक स्कायलर हे विद्यापीठाच्या संघातून खेळलेले. चौघेही तरुण, धडधाकट. परतताना नांगर तळाला अडकला. त्यांनी नांगराचा दोर पिछाडीला बांधला आणि इंजिनाचा जोर लावून तो उपटायला गेले. पुढे पळू बघणाऱ्या बोटीची पिछाडी दोराने खाली खेचली, पाणी आत आलं आणि बोट उलटली. थंड हवेत, मोठ्या लाटांत तिघे गेले. तिसऱ्या दिवशी कोस्ट गार्डच्या जहाजाला एकटा स्कायलर उलट्या बोटीवर बसलेला सापडला. बोट शेवटपर्यंत तरंगत होती, म्हणून तो वाचला. नांगर नेहमी नाळेलाच बांधायचा. अडकलाच तर दोर कापायचा. नांगर दुसरा मिळतो.

झाकणाखाली

जुन्या बोटीची खरी कुंडली झाकणाखाली असते. आम्ही बॅटरी, पुसायचं फडकं आणि छोटा आरसा घेऊन दोन्ही बोटींची सगळी झाकणं उघडली. एखादा तास सहज जातो, आणि मालक शेजारी अस्वस्थ उभा राहतो. राहू द्यावा.

कन्सोलचं दार उघडलं की तारा दिसतात. पांढरीतल्या तारा मूळच्या, कथिलाचा मुलामा दिलेल्या, प्रत्येक जोडावर उष्णतेने आक्रसलेली नळी, जागोजागी पट्ट्यांनी बांधलेल्या. निळीत मागच्या मालकाने हौसेने बसवलेल्या दिव्यांच्या आणि स्पीकरच्या तारा मूळ जुडग्यात घुसवलेल्या होत्या. दोन जोड नुसते चिकटपट्टीने गुंडाळलेले. पट्टी सोडवली तर आतलं तांबं हिरवं पडून भुगा झालेलं. खाऱ्या हवेत साध्या तांब्याच्या तारेचं हेच होतं. गंज तारेच्या आतून वर सरकत जातो आणि एक दिवस पाणी उपसायचा पंप मुकाट बंद पडतो. हा दोष दुरुस्त होण्यासारखा आहे, पण तो मागच्या मालकाच्या हाताचं वळण सांगतो. ज्याने तारा अशा जोडल्या, त्याने न दिसणारी कामं कशी केली असतील?

मग टाकी. या बोटींतली पेट्रोलची टाकी बहुधा ॲल्युमिनियमची आणि फळीखाली बसवलेली असते. टाकी आणि तिच्या भोवतीचा फोम यांच्या फटीत खारं पाणी साचून राहिलं की ॲल्युमिनियमला बारीक खड्डे पडत जातात. वरून काहीच दिसत नाही. गोल झाकण काढून निळीच्या टाकीचा वरचा भाग बघितला तर पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या तबकडीचे स्क्रू गंजलेले आणि भोवती पांढरी भुकटी. ती भुकटी ॲल्युमिनियम खाल्लं जातंय याची खूण आहे. पांढरीची टाकी कोरडी होती, आणि तिच्यावरची फळी स्क्रू काढून उचलता येण्यासारखी. निळीची फळी कापूनच काढावी लागली असती.

त्यानंतर पिछाडी. इंजिन पूर्ण वर उचलून त्याच्या खालच्या टोकाला अंगाचा भार दिला. पिछाडीची भिंत हलली, चिरकली किंवा बोल्टांच्या भोवती तडे दिसले तर आतलं लाकूड सडलं असं समजायचं. दोन्ही बोटी इथे पास झाल्या. तरीही पैसे देण्याआधी मान्यताप्राप्त सर्व्हेअरला बोलावणं मी कुणालाही टाळू देत नाही. तो ओलावा मोजतो, हातोडीने ठोकून पोकळ आवाज शोधतो. इंजिनासाठी वेगळा मेकॅनिक हवा. तो लॅपटॉप जोडून ते नेमके किती तास आणि किती वेगाने चाललं ते वाचतो, प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतो, खालच्या गिअरचं तेल काढून बघतो. तेल दुधाळ आलं म्हणजे आत पाणी शिरलं आहे.

या किनाऱ्यावर आणखी एक चौकशी सक्तीची. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाने आणि दोन आठवड्यांत मिल्टनने या भागाची दैना केली. हेलीनच्या वेळी खाडीचं पाणी घराघरांत शिरलं, गॅरेजमधल्या आणि धक्क्यावरच्या बोटी बुडाल्या. त्यांतल्या काही धुऊनपुसून पुन्हा बाजारात येतात. म्हणून पिछाडीला उजव्या हाताला कोरलेला बारा अक्षरी क्रमांक कागदपत्रांशी पडताळावा आणि टायटलवर, म्हणजे मालकीच्या दाखल्यावर, सांगाड्याच्या नुकसानीचा शेरा आहे का ते बघावं. विमा कंपनीकडे या क्रमांकावर दावा झाला होता का, हे मालकाला लेखी विचारावं. लेखी उत्तर द्यायला जो तयार नाही, त्याची बोट घेऊ नये.

पाण्यातली परीक्षा

काका म्हणायचे, "होडी वाळूत नाय, पाण्यात बघूक व्हयी." मालवणात हे फारसं अवघड नव्हतं. इथे विक्रेते शांत सकाळी, एकट्या गिऱ्हाईकाला, पाव टाकी पेट्रोलवर दहा मिनिटं फिरवून आणतात. तशी कुठलीही बोट छानच चालते. आम्ही दुपारची वेळ मागून घेतली, वारा सुटल्यावरची. भाऊ, भावजय, मी आणि मालक असे चार मोठे लोक, टाकी भरलेली, बर्फाची पेटी खरोखर बर्फाने भरलेली.

आधी लाटांच्या तोंडावर. निळी खरंच सुरेख चालली. ताशी २५ मैलांवर ती लाटा कापत होती आणि आम्ही आरामात बोलू शकत होतो. पांढरीने त्याच वेगात दणके दिले, भावजयीने रेलिंग घट्ट धरलं. मग मी पांढरीचा वेग हळूहळू कमी करत गेले. बोट पाण्यावर उचललेली राहील असा सर्वांत कमी वेग कुठला, हे शोधायचं होतं. ती १४ पर्यंत उचललेली राहिली. निळी १७ च्या खाली गेली की नाळ वर करून बसायची. खराब पाण्यात घरी परतताना हा आकडा फार कामाचा, कारण १४-१५ च्या वेगात पांढरीचे दणकेही बरेच उतरले. पंधरा मिनिटं उशीर, पण कंबर शाबूत.

मग लाट बाजूने घेतली, मग पाठीवर. पाठीवरच्या लाटेत नाळ खुपसून बोट एका अंगाला वळायला बघते का, ते इथे कळतं. दोन्ही सरळ चालल्या.

शेवटी सर्वांत महत्त्वाची आणि सगळे विसरतात ती परीक्षा. इंजिन बंद केलं आणि बोट लाटांच्या आडवी वाहू दिली. मासेमारीचा बहुतेक वेळ असाच जातो, थांबून. निळी डोलायला लागली. उंच छत आणि खोल व्ही, दोन्हींनी हातभार लावला. सातव्या-आठव्या मिनिटाला भावजय गप्प झाली आणि क्षितिजाकडे बघत बसली. मग मी चौघांनाही पिछाडीच्या एकाच कोपऱ्यात उभं केलं, मोठा मासा वर घेताना सगळे जमतात तसं. निळीची पिछाडी खाली बसली आणि पाणी बाहेर जायच्या भोकांतून उलट आत आलं. फार नाही, पायाची बोटं भिजतील एवढं. ही बोट आखली होती दोन-स्ट्रोक इंजिनासाठी. मागच्या मालकाने बसवलेलं चार-स्ट्रोक पांढरीच्या इंजिनाहून शंभरेक पौंडांनी जड होतं, आणि तो भार नेमका टोकाला टांगलेला. पांढरीत तोच प्रयोग केला तर फळी कोरडी राहिली. भावजयीने त्या बोटीत सँडविच काढून खाल्लं. निकाल तिथेच लागला असं मी मानते.

आमचा निवाडा

भावाने पांढरी घेतली. माझं मत स्पष्ट सांगते : तळाचा विचार केला तर निळी जास्त चांगली बोट होती. तीस-चाळीस मैल बाहेर जाणारा, जवळ ट्रक असणारा, टाकी आणि तारा बदलायची तयारी ठेवणारा माणूस असता, तर त्याला मी निळीच घ्यायला लावली असती, किंमत चांगली खाली आणून. पण कागदाच्या माथ्यावर लिहिलेलं पाणी वेगळं होतं. उथळ खाडी, दोन लहान मुलं, मळमळणारी आई, थांबून मासे धरणं, घरची गाडी. त्या पाण्याला पांढरी बरोबर होती. वारा वाढला तर तिला हळू चालवावं लागेल किंवा त्या दिवशी घरी बसावं लागेल, हेही भावाने समजून घेतलं. ९ मे १९८० ला याच खाडीत अचानक आलेल्या वादळी पावसात 'समिट व्हेंचर' हे मालवाहू जहाज जुन्या स्कायवे पुलावर आदळलं आणि ३५ माणसं गेली. इथली हवा मोठ्या जहाजालाही दाद देत नाही, तिथे बावीस फुटांच्या बोटीने हट्ट धरू नये.

घासाघीस करून जे पैसे वाचले ते त्याला मी पडद्यावर घालू दिले नाहीत. प्रत्येकाच्या मापाचं, अंगावर घालून बघितलेलं लाइफ जॅकेट, मुलांची वेगळी. पाण्यात फेकायचं तरंगतं कडं. १६ नंबरच्या चॅनेलवर मदत मागता येईल असा व्हीएचएफ रेडिओ. उपग्रहाला आपली जागा कळवणारं खिशातलं यंत्र. चालवणाऱ्याच्या अंगाला बांधायची इंजिन-बंद दोरी. २६ फुटांखालच्या बोटींना वेगात असताना ती वापरणं १ एप्रिल २०२१ पासून कायद्याने सक्तीचं आहे. पेट्रोलचा नियम जुनाच : एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश हात न लावता ठेवायला.

आपल्यापैकी जे कोणी फ्लोरिडात, टेक्ससमध्ये, न्यू जर्सीत बोट घेण्याच्या विचारात असतील त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. आपल्यात पोहता न येणारे पुष्कळ, आणि जॅकेट घालायला लाजणारे त्याहून जास्त. कोस्ट गार्डच्या २०२३ च्या अहवालानुसार त्या वर्षी हौशी बोटींच्या अपघातांत ५६४ माणसं गेली. कारण कळलेल्या मृत्यूंपैकी तीन चतुर्थांश बुडून झाले, आणि बुडालेल्यांपैकी ८७ टक्के लोकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. बोट कुठलीही घ्या, पांढरी घ्या नाहीतर निळी घ्या. घेण्याआधी आपलं पाणी ठरवा, बोट भरून, थांबवून बघा, आणि धक्का सोडण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाच्या जॅकेटचं बक्कल आपल्या हाताने लावा.